फिरता डबा

शेतकऱ्याच्या घरात नाणी साठवायची ती छंद म्हणून नाही. छंद हा शब्दच आमच्याकडं उशिरा आला. नाणं म्हणजे अडीनडीला मोडायची वस्तू. बँक तालुक्याला, सावकार गावात आणि दुष्काळ दर चार-पाच वर्षांनी दारात. मग हंड्यात, उतरंडीच्या तळाच्या मडक्यात, चुलीमागच्या कोनाड्यात चार बंदे रुपये ठेवायचे. ज्यांची ऐपत जास्त त्यांच्या बायकांच्या गळ्यात पुतळ्यांची माळ. ही पुतळी म्हणजे मुळात व्हेनिस नावाच्या दूरच्या शहराचं सोन्याचं नाणं, त्यावर उभ्या माणसांच्या आकृत्या होत्या म्हणून आपल्या लोकांनी तिला पुतळी म्हटलं. आमच्या घरात पुतळी कधी आली नाही. आमच्याकडं आला तो पत्र्याचा डबा.

या डब्याची हकीगत सांगायची तर आधी बेलापूरची जागा सांगावी लागते. नव्या माणसाचा इथं हमखास घोटाळा होतो. दौंड-मनमाड लोहमार्गावर बेलापूर नावाचं स्टेशन आहे, पण तिथं उतरलं की माणूस श्रीरामपुरात असतो. आमचं गाव तिथून अलीकडं, प्रवरेच्या काठाला. भंडारदऱ्याचं धरण १९२६ साली पुरं झालं, प्रवरेचे पाट वाहू लागले, ऊस आला, हरेगावला बेलापूर कंपनीचा साखर कारखाना चालू लागला. माझे आजोबा तरुणपणी त्या कारखान्याला उसाच्या गाड्या घालायचे. गाडीभाड्याचा रुपया हातात पडला की तो दगडावर वाजवून घ्यायचा, अशी तेव्हाची रीत. खणखणीत वाजला तर खरा, बद्द वाजला तर परत. आपण खणखणीत नाणं, वाजवून घेतलेला माणूस असं बोलतो ना, ते या दगडावरून आलेलं आहे.

हा रुपया इंग्रजी अमलातला. १८३५ च्या कायद्यानं कंपनी सरकारनं सगळ्या मुलखात एकच रुपया चालू केला, वजन १८० ग्रेन, म्हणजे बरोबर एक तोळा, आणि बारा भागांत अकरा भाग चांदी. त्याआधी आपल्या भागात किती तऱ्हेचे रुपये चालायचे! चांदवडच्या टांकसाळीचा चांदवडी, अंकुशाची खूण असलेला अंकुशी, असे कितीतरी. प्रत्येकाचा बट्टा वेगळा, आणि त्या बट्ट्यावर सराफाचं घर चालायचं. यंत्रावर पाडलेला, कडेला दाते असलेला इंग्रजी रुपया आला, त्याला लोक कलदार म्हणू लागले. तो वजनाला इतका पक्का की त्याचंच वजन झालं. आजी सुंठ, ओवा, गूळ रुपयाभार म्हणून घ्यायची. तराजूच्या एका पारड्यात खरोखरचा रुपया टाकला की एक तोळा. ऐंशी रुपये टाकले की शेर. म्हणजे घरात वजन नसलं तरी चालेल, रुपये पाहिजेत. गरिबाघरी दोन्ही नसायचं, ते वेगळं.

कलदारच्या शेजारी आमच्याकडं आणखी एक नाणं खेळायचं, हाली. नगर जिल्ह्याची उत्तरेची शीव म्हणजे गोदावरी. अलीकडं इंग्रज, पलीकडं निजाम. आजोबांची बहीण पलीकडं वैजापूर तालुक्यात दिलेली. निजामाचा रुपया वेगळा, त्यावर चारमिनारचं चित्र. सहा कलदार म्हणजे सात हाली असा हिशेब. आजोबा सांगायचे,

"भाऊबीजंला गेलो का बहिणीच्या ताटात कलदारच घालायचो. तिकडं त्याला वर अडीच-पावणेतीन आणे जादा यायचे. आपला रुपया नदी वलांडला की मोठा व्हायचा."

उलट्या बाजूनं बहिणीची पोरं मामाकडं आली की त्यांच्या मुठीतला हाली पैसा आमच्या बाजारात घ्यायला कोणी राजी नसायचं. एका नदीनं नात्याच्या माणसांचा पैसा वेगळा केला होता. १९४८ साली हैदराबाद संस्थान भारतात आलं, त्यानंतरही काही वर्षं हाली चालत राहिली आणि मग बंद पडली. त्या आत्याआजीनं दिलेली एक हाली पावली आमच्या डब्यात आहे. चांदीची, करंगळीच्या नखापेक्षा थोडी मोठी.

डब्यातलं सगळ्यात जुनं नाणं मात्र बाजारातून आलेलं नाही, रानातून आलं. आजोबांना नांगरताना सापडलेल्या दोन शिवराया. तांब्याच्या, जाड, कडा ओबडधोबड, कारण त्या हातानं घण मारून पाडलेल्या. एका बाजूला श्री राजा शिव, दुसऱ्या बाजूला छत्रपति. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक १६७४ साली रायगडावर झाला, तेव्हा सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई पाडली. भोवतालच्या सगळ्या सत्तांची नाणी फारसी अक्षरांची, आपल्या नगरच्या निजामशाहीचे तांब्याचे फलूससुद्धा फारसीच. त्यात हे एक नाणं देवनागरीत बोलत होतं. होन श्रीमंतांच्या पेटीत गेला. शिवराई मात्र मिठा-मिरचीच्या बाजारात फिरली आणि इतकी रुजली की पुढं पेशवाईतही तीच पाडत राहिले. म्हणून शिवराई सापडली की ती थेट महाराजांच्या काळचीच, असं लगेच समजू नये. अक्षरांची वळणं, ठिपके, वजन बघावं लागतं. इंग्रजी अमल बसल्यावरही कित्येक वर्षं ती खेड्यापाड्यांत चालत होती. आमची एक शिवराई इतकी झिजलेली आहे की तिच्यावरचं फक्त 'शिव' उरलंय. किती हातांतून गेली असेल ते त्या झिजण्यावरून कळतं. मला तीच जास्त आवडते.

आता १९७२ चं सांगतो. तेव्हा मी बारा वर्षांचा. आमची जमीन पाटाच्या वरच्या अंगाला, विहिरीवर भिजणारी. सलग पावसानं ओढ दिली, विहिरीचा तळ दिसला. आई-वडील खडी फोडायला जायचे, आम्ही पोरं सुकडीच्या रांगेत. अमेरिकेतून आलेल्या लाल मिलोच्या भाकरी खाल्ल्या. माणसांचं कसंतरी भागलं, पण बैलांचं काय? दावणीला जोडी होती आणि वैरण संपली होती. बाजारात लोक जनावरं मातीमोल विकत होते. खाटकाच्या दावणीला गेलेलं जनावर आणि मालकाच्या डोळ्यातलं पाणी मी पाहिलेलं आहे.

एका रात्री आजोबांनी उतरंड उतरवली आणि तळाच्या मडक्यातून फडक्यात बांधलेले रुपये काढले. एकतीस होते. त्यांनी घोंगडीवर राजे वेगवेगळे मांडले. बारा राणीछाप, म्हणजे व्हिक्टोरिया. तीन एडवर्डचे. त्या राजाच्या डोक्यावर नाण्यात मुकुट नाही, म्हणून आजी त्याला बोडका राजा म्हणायची. अकरा पाचव्या जॉर्जचे आणि पाच सहाव्या जॉर्जचे. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. दादा म्हणाले, "समदे मोडू. बैल वाचले तर पुढं पिकंल." आजोबा बराच वेळ बोलले नाहीत. मग प्रत्येक ढिगातून एकेक रुपया उचलून त्यांनी बाजूला ठेवला.

"बाकीचे ने. पण राजा-राजाचा एकेक ऱ्हाऊ दे. पोरांना कळंल तरी, आपण कोणाकोणाच्या हाताखाली राबलो ते."

आजी चिडली. चार रुपयांत आणखी थोडी वैरण आली असती. तिचंही खरंच होतं. पण आजोबांनी चार ठेवले ते ठेवले.

दुसऱ्या दिवशी दादांबरोबर मी सोनाराकडं गेलो. सत्तावीस रुपयांचे त्यानं दोन ढीग केले, तेवीस एकीकडं, चार एकीकडं. चारांचा भाव निम्मा. दादांना वाटलं हा फसवतोय. सोनारानं समजावून सांगितलं, हे लढाईतले रुपये, यांत चांदी निम्मीच. ते खरंच होतं. दुसऱ्या महायुद्धात चांदीची टंचाई झाली, तेव्हा १९४० पासून सरकारनं रुपयातली चांदी बारात अकरा भागांवरून थेट निम्म्यावर आणली. १९४६-४७ ला तर चांदी गेलीच, निकेलचा रुपया आला. नाण्यावर राजा तोच, रुपया हे नावही तेच, पण आतला माल बदललेला. महागाई म्हणजे काय, ते मला शाळेत कळलं नाही, त्या सोनाराच्या दुकानात कळलं.

त्या पैशाचा कडबा आला. बैलजोडी जगली. पुढच्या पावसाला आम्ही स्वतःच्या बैलांनी पेरलं, आणि त्या साली गावात हे सगळ्यांना जमलं नव्हतं. उरलेले चार रुपये, दोन शिवराया आणि हाली पावली आजोबांनी चहाच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्यात ठेवली. आमचा संग्रह असा जन्माला आला. हौशी लोक काय घ्यायचं ते निवडून संग्रह करतात. आमचा संग्रह काय विकायचं नाही, यातून झाला.

दादांनी त्यात भर घातली ती बंद पडलेल्या नाण्यांची. १ एप्रिल १९५७ ला दशमान पद्धत आली. त्याआधी रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, पैशाच्या तीन पै, म्हणजे रुपयाच्या चौसष्ट पैसे आणि एकशे ब्याण्णव पै. दादांना हा हिशेब तोंडपाठ. नवा पैसा आला तेव्हा जुन्या आण्याचे सव्वासहा नवे पैसे व्हायचे आणि तो पाव पैसा दुकानदाराचा की गिऱ्हाइकाचा, यावर बाजारात रोज भांडणं. १९६४ ला त्याच्या नावातलं 'नया' गेलं, नुसता पैसा राहिला. दादा चवली, पावली, अधेली हे शब्द शेवटपर्यंत बोलत राहिले. आपण तरी काय करतो? आणा जाऊन साठ-सत्तर वर्षं होत आली, पण माणूस अजून सोळा आणे खरा असतो, आणि चार आण्याची कोंबडी बारा आण्याच्या मसाल्यात शिजतेच आहे. दमडी गेली तरी चमडी जात नाही. नाणं बाजारातून उठतं, पण भाषेतून उठत नाही.

दादांच्या भरतीत भोकाचे पैसे पुष्कळ. १९४३ ते ४७ या सालांतले. लढाईत धातू वाचवायला मधे भोक ठेवलेलं. लोकांनी ते करदोड्यात ओवून पोरांच्या कमरेला बांधले, आणि औताच्या बोल्टाला वायसर म्हणूनही लावले. आमच्या डब्यातला एक असाच, जुन्या मोटेच्या चाकातून काढलेला. सरकारनं वाचवलेला धातू शेतकऱ्यानं दुसरीकडं कामाला लावला!

मी दहावी झालो, दहावी-बारावीच्या नव्या पद्धतीच्या पहिल्या काही तुकड्यांतला. पुढं शिकायची सोय नव्हती, पण वाचायची सवय राहिली. माझी भर म्हणजे शेतीची नाणी. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेसाठी आपल्या सरकारनं १९७० पासून वरचेवर विशेष नाणी काढली. १९७३ च्या पन्नास पैशांवर अधिक अन्न पिकवा, असा संदेश आहे. त्या नाण्याकडं बघितलं की मला हसूही येतं आणि घशात आवंढाही येतो. ज्या वर्षी आमच्या रानात कुसळ उगवलं नव्हतं, त्याच वर्षीचं ते नाणं. आणखी एक १९८७ चा रुपया, छोट्या शेतकऱ्यांच्या नावाचा, आणि १९८८ चा कोरडवाहू शेतीचा. छोट्या शेतकऱ्याचा रुपया मला बाजारात कांद्याच्या पट्टीबरोबर सुट्ट्यात मिळाला. त्या पट्टीत भाडं, हमाली, तोलाई वजा जाऊन काय उरलं ते लिहीत नाही, पण तो रुपया मी खर्चला नाही.

वाचता वाचता कळलं की आपण ज्या मातीत नांगर घालतो, ती केवढी जुनी आहे. आमच्याच श्रीरामपूर तालुक्यात, आमच्याच प्रवरेकाठी दायमाबाद आहे. १९७४ साली तिथं एका भिल्ल शेतकऱ्याला झाडाची मुळं खणताना ब्राँझचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा सापडले, साठ किलोंहून जास्त वजनाचे. ती माणसं नाणं वापरत नव्हती, नाणं तेव्हा जन्मायचं होतं. खाली नेवाशाला डॉ. सांकलियांनी १९५४ ते ५६ मध्ये उत्खनन केलं, तिथं सातवाहनांची नाणी निघाली. आणि नाशिकजवळच्या जोगलटेंभीला १९०६ साली चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला, तेरा हजारांहून जास्त. नाणी क्षत्रप राजा नहपानाची, पण त्यांतल्या दोन-तृतीयांशाहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला शिक्का मारलेला. नहपानाला हरवल्यावर त्याची नाणी त्यानं वितळवली नाहीत, त्याच्या तोंडावरच आपली खूण उमटवून चालू केली. ग्रंथ लिहिला असता तर कदाचित वाळवी लागली असती. चांदीवर लिहिलेला निकाल एकोणीसशे वर्षं टिकला.

इथं एक गोष्ट शेतकरी बांधवांना सांगायला हवी. रानात असा साठा निघाला तर तो दडवायचा नाही. १८७८ पासून तसा कायदा आहे, जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. कायदा बाजूला ठेवला तरी, साठा वाटून घेऊन सोनाराकडं वितळवला की त्यातला इतिहास मेला. जोगलटेंभीची नाणी मुशीत गेली असती, तर सातकर्णीनं नहपानाला हरवल्याचा एवढा मोठा पुरावा कोणालाच मिळाला नसता. नाणं कुठं, कशाबरोबर, कोणत्या भांड्यात सापडलं, याला नाण्याइतकीच किंमत असते.

आमच्या डब्यावर दुसरं संकट आलं ते वाटणीचं. १९९४ साली आम्हा दोघा भावांची शेती वेगळी झाली. विहीर, बांध, आंब्याची झाडं, गोठा, सगळं पंचांसमोर वाटलं. भांडीकुंडी वाटली. शेवटी डबा निघाला. धाकटा म्हणाला, "चांदीचे चार आहेत, दोन-दोन घेऊ. तांबं भाऊनं ठेवावं." त्यात त्याचं काही चुकीचं नव्हतं, वाटणी म्हणजे वाटणी. बहीण तिथंच बसलेली. ती म्हणाली, "मला शेतातलं काही नको म्हणून मी सही दिली. पण आत्याआजीची पावली कोणाच्या वाटणीला?" सगळे गप्प झाले. त्या पावलीवर बाईमाणसाचा हक्क पहिला, हे कोणालाच नाकारता येईना.

दादा तेव्हा थकले होते, पण होते. ते म्हणाले, "बैल वाटता येत्यात, रान वाटता येतं. ह्ये वाटलं तर नुस्तं मोडीत जाईल. डबा फिरता ठिवा." तेव्हापासून ठरलं. डबा एक वर्ष माझ्याकडं, एक वर्ष धाकट्याकडं, एक वर्ष बहिणीकडं. पाडव्याला एका घरातून दुसऱ्या घरात जायचा. ज्याच्याकडं असेल त्यानं त्या वर्षी एक तरी नाणं घालायचं, आणि ते का घातलं ते वहीत लिहायचं. बाहेर काढायचं असेल तर तिघांचं मत हवं. शेताच्या बांधावरून आम्हा भावांचं पुढं दोन वर्षं बोलणं बंद होतं. पण पाडव्याला डबा पोचला. बोलणं नसताना पुतण्या तो घेऊन आला, ओट्यावर ठेवला, चहा प्याला आणि गेला. दुसऱ्या वर्षी धाकटा स्वतः आला.

आता डब्याला तिसऱ्या-चौथ्या पिढीचे हात लागलेत. पुतण्या पुण्याला नोकरीला, भाची नाशिकला. भाचीनं आम्हाला त्र्यंबकच्या रस्त्यावर अंजनेरीला नेलं. तिथं नाण्यांच्या अभ्यासाची संस्था आहे, १९८० साली सुरू झालेली, परमेश्वरीलाल गुप्त हे मोठे अभ्यासक तिच्या उभारणीत होते. आपल्याकडं चिंच-राख लावून नाणी घासायची रीत, लक्ष्मीपूजनाला चकचकीत दिसावीत म्हणून. ती आता आमच्या घरात बंद झाली. तांब्यावर चढलेली हिरवट-काळी कांती हेच त्याचं कातडं, ते खरवडलं की अक्षरं बोथट होतात. आता पूजेला नाणी मांडतो, हळदकुंकू मात्र ताटाला लावतो.

मागच्या दिवाळीला डबा माझ्याकडं होता. नातवानं मोबाईलवर काहीतरी बघितलं, जुन्या नाण्याला लाखो रुपये म्हणून. तो म्हणाला, "आजोबा, हे सगळं विकलं तर नवं बोअर होईल." आमची एक बोअर आटलेली आहे, पोरगं काही उगाच बोलत नव्हतं. मी त्याला आधी सांगितलं, की हे लाखांचे भाव बहुतेक फसवणुकीचे. आगाऊ पैसे मागतात आणि गायब होतात. रिझर्व्ह बँकेनंच २०२१ साली लोकांना याबाबत सावध केलं होतं. मग आम्ही दोघांनी बसून खरा हिशेब केला. चार रुपयांतली चांदी, पावली, शिवरायांचा झिजलेला भाव. बोअरचं सोडाच, त्यातल्या पाइपाचंही भागलं नसतं. तो जरा हिरमुसला. मग म्हणाला, "मग त्या वेळी सत्तावीसमधे बैल कसे जगले?" मी म्हणालो, "तेव्हा सत्तावीस होते. आणि पुन्हा तशी वेळ आली तर हे चारही मोडू. बैलापेक्षा नाणं मोठं नाही. तुझ्या पणजोबांच्या बापानं तेवढा हिशेब करूनच चार ठेवलेत."

नात तिसरीला आहे. यंदा नाणं घालायची पाळी तिची होती. तिनं दहा रुपयांचं दोन रंगांचं नाणं आणलं. हे नाणं मधे आमच्या भागात दुकानदार घेईनात, खोटं आहे म्हणायचे. २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेनं सांगितलं की त्याचे चौदा छाप निघाले आहेत आणि सगळे खरे आहेत. तरी बरेच दिवस लोक नाणं मागं सरकवत होते. हाली पैसा घेऊन मामाच्या गावाला आलेल्या पोरांसारखीच त्या नाण्याची गत झाली. नातीनं वहीत स्वतःच्या अक्षरात लिहिलं आहे, 'हे नाणं खरं होतं पण लोक घेत नव्हते. मी घेतलं.' खाली नाव आणि तारीख. येत्या पाडव्याला डबा धाकट्याकडं जाईल.